देवळाचा टॅक्स

ज्या ठरावाविरुद्ध मी तालुक्याला अर्ज केला, त्याच ठरावाच्या बाजूनं आधी मीच हात वर केला होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण गावात लोक अजून मला ते ऐकवतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आमचं गाव तुमसर तालुक्यात, आंबागडच्या बाजूला. मी ग्रामपंचायतीची सदस्य. महिला राखीव जागा होती, घरच्यांनी उभं केलं, निवडून आले. मासिक सभेत आम्ही तिघी बायका भिंतीला लागून बसायचो आणि शेवटी रजिस्टरवर सही करून घरी यायचो. त्या दिवशी सरपंचांनी विषय काढला. ते नात्यानं माझे चुलत दीर. म्हणाले, मारुतीच्या देवळाचं छत गळून राहिलं आहे, सभामंडपही बांधायचा आहे, वर्गणी काही जमत नाही. तेव्हा यंदापासून घरटॅक्स, पाणीटॅक्स आणि दिवाबत्तीसोबत घरामागे देवळाचा टॅक्सही लावायचा. घर लहान असो की मोठं, सगळ्यांना सारखा. मी आजवर एकही शनिवार चुकवलेला नाही. मला वाटलं, चांगलंच काम आहे. हात वर केला. सगळ्यांनीच केला.

पुढच्या महिन्यात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. आमच्या शेतातल्या बांधीत दरवर्षी रोवायला येणारी एक बाई आहे. मी आणि ती एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आलो, तेव्हापासूनची माझी मैत्रीण. ती बौद्ध. नवरा गेल्यावर मजुरी करून तिनं एकटीनं पोरीला शिकवलं. रोवताना तिचं तोंड कधी बंद नसतं, पण त्या दिवशी दुपारपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. बांधावर डबा सोडला तेव्हा मी विचारलं, "काय झालं वं?"

"काही नाई."

"पोरीचं काय झालं? भंडाऱ्याच्या होस्टेलचं फारम भरणार होती ना?"

"रहिवासी दाखला लागते. तीन चकरा मारल्या पंचायतीत. देत नाई म्हणते."

"काहून?"

"देवळाचा टॅक्स भरला नाई म्हणून. बाकी सगळा भरला मी. तो भरत नाई म्हटलं, तं सचिव म्हणे, पूर्ण भरल्याशिवाय दाखला नाई भेटत."

मला राग आला तो आधी तिचाच. म्हटलं, "मले काहून नाई सांगितली?"

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुले कायले सांगू? हात तं तूही वर केली होती."

मी फॉर्मची शेवटची तारीख विचारली. परवाची होती.

मी चिखलाच्या पायांनीच ग्रामपंचायतीत गेले. सचिव, म्हणजे ग्रामसेवक, टेबलाशी होते, सरपंच बाजूच्या खुर्चीत. मी म्हटलं, "भाऊजी, तिचा दाखला अडवला का तुम्ही?"

"अडवला नाई. टॅक्स भरला की भेटते."

"देवळाचा टॅक्स तिनं कायले भरावा? ती देवळात येत नाई."

"गावाच्या रस्त्यावर तं चालते ना? नळाचं पाणी तं पिते ना?"

"रस्त्याचा, पाण्याचा टॅक्स तिनं भरला हाय. पावती हाय तिच्याजवळ."

"हे पाय," ते आवाज खाली आणून म्हणाले, "एकीले सोडलं तं उद्या सगळेच नाई म्हणतीन. अन् तू देवाच्या कामात आडवी नको येऊ. घरचीच होऊन काय बोलून राहिली?"

मी सचिवांना विचारलं, "साहेब, असा टॅक्स लावता येते, असं कुठं लिहिलं आहे? मला दाखवा." ते कागद इकडचे तिकडे करू लागले. म्हणजे त्यांना ठाऊक होतं! शिकलेला, सरकारी पगार घेणारा माणूस. त्याला ठाऊक होतं, तरी एका विधवेला तीनदा माघारी पाठवताना त्याची जीभ अडखळली नव्हती. तेव्हा जो संताप आला, तो आजही आठवला की कान तापतात.

घरी नवरा म्हणाला, "कायले भाऊबंदांशी वैर घेतेस?" सकाळी मात्र त्यानं न सांगता मोटरसायकल बाहेर काढली. आम्ही तुमसरला गेलो, पंचायत समितीत. मैत्रीण आणि तिची पोरगी एसटीनं आल्या.

तिथं एक विस्तार अधिकारी भेटले. ठरावाची नक्कल आणि मैत्रिणीच्या टॅक्सचं मागणी बिल त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बाई, मुळात ग्रामपंचायतीला हा कर लावायचा अधिकारच नाही. आणि त्याही वर संविधानाचं सत्ताविसावं कलम आहे. ज्या कराचा पैसा ठरवून एखाद्या धर्माच्या कामाला लावायचा आहे, तो कर भरायची सक्ती कोणावरच करता येत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे ज्यांचा धर्म वेगळा आहे, त्यांच्यावर."

"कोणावरच नाही. तुमच्यावरही नाही."

"मी तर मारुतीला मानते."

"माना ना. मनानं कितीही द्या. पण शासनानं ते तुमच्याकडून कर म्हणून वसूल करायचं नाही."

हे माझ्या डोक्यात तोपर्यंत आलंच नव्हतं. मी समजत होते, मी मैत्रिणीसाठी भांडायला आले आहे. पण माझ्या सासूबाई दर शनिवारी पदराच्या गाठीतून नाणं काढून मारुतीपुढे ठेवायच्या, ते आपल्या खुशीनं. त्याच मारुतीच्या नावानं यांनी माझ्याकडूनही मागणी बिल पाठवून पैसे घेतले होते, न भरल्यास दाखला बंद असा धाक ठेवून. माझी भक्तीसुद्धा वसुलीत टाकली होती! तिथल्या बाकावर बसून मला पहिल्यांदा स्वतःसाठी राग आला.

मी अर्ज लिहून दिला. अधिकाऱ्यांनी तिथूनच सचिवांना फोन केला. पण सचिव त्या दिवशी बाहेरगावी होते, की तसं सांगितलं गेलं, देव जाणे. दाखला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात आला. होस्टेलचे फॉर्म घेणं तोवर बंद झालं होतं.

आठवडाभरानं तालुक्याचं पत्र आलं. कर रद्द, आणि ज्यांनी भरला त्यांची रक्कम पुढच्या घरटॅक्सात वळती करायची. सरपंचांनी पत्र फाइलला लावून टाकलं. ग्रामसभेत विषय यादीत त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. मी उठून म्हटलं, "पत्र वाचा." कोणी वाचेना, तेव्हा फाइल मागून घेतली आणि मीच वाचलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "देवळाच्या विरोधात गेली हे बाई!"

आयुष्यात पहिल्यांदा मी शंभर माणसांसमोर आवाज चढवला. म्हटलं, "देवळाच्या विरोधात कोण गेलं? उद्या वर्गणीचं पुस्तक घेऊन माझ्या दारात या, सगळ्यात पहिलं नाव माझं लिहा. पण हिच्या पोरीचा दाखला दाबून जे छत होते, त्याच्याखाली मी हात जोडाले येणार नाई. ठरावाले हात मीही वर केली होती. चूक झाली माझी. तुमची झाली का नाई, तेवढं सांगा."

दोन म्हातारे उठून गेले. मैत्रीण बायकांच्या मागच्या रांगेत होती. ती माझ्याकडे नाही, खाली बघत होती.

वर्षभर तिची पोरगी एसटीनं भंडाऱ्याला जाऊन-येऊन शिकली. सकाळी बांधीकडे जाताना ती मला स्टॉपवर उभी दिसायची. "काकू" म्हणून हाक मारायची आणि मला ओ देणं जड जायचं. चुलत दिराच्या घरच्या लग्नाची पत्रिका आम्हाला आली नाही. वर्गणीचं पुस्तक घेऊनही कोणी दारात आलं नाही. मी आपली देवळात जाऊन माझ्या हातानं पेटीत टाकून आले.

यंदा पोरीनं पुन्हा होस्टेलचा फॉर्म भरला. मैत्रीण म्हणाली, "चाल माझ्यासंगं पंचायतीत." मी गेले. सचिवांनी मान वर न करता छापील कागद घेतला, नाव लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि दिला. पाच मिनिटंही लागली नाहीत. ती दाखला घडी करून पिशवीत ठेवत होती आणि मी दारातच उभी राहिले. एवढंच काम होतं! एवढ्याशा कामासाठी त्यांनी एका पोरीचं वर्ष एसटीच्या दांडीला धरून उभं केलं.

होस्टेलची यादी अजून लागायची आहे.