लंकेचे आप्पा

“समुद्राकडं तोंड करून बसा रं सगळी! पाठ केली की बोट लागती!”

बेळगाव स्टेशनच्या फलाटावर आप्पा ओरडत होते. लंकेचा समुद्र तिथून तीन दिवसांच्या वाटेवर होता आणि गाडीसुद्धा अजून आली नव्हती. तरी आम्ही पाचही जण वळकट्या उचलून निमूट वळलो. भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर तेवढे पश्चिमेकडे तोंड करून बसले, कारण त्यांच्या मते जवळचा समुद्र कारवारचा. मच्छे गावचे पाटील आणि त्यांची बायको आप्पा ज्या बाजूला होते त्या बाजूला वळले, म्हणजे चूक झालीच तर ती आप्पांची. लंकेविषयी बिभीषणाच्या खालोखाल माहिती असलेला माणूस या पृथ्वीवर एकच होता, आणि तो निपाणीत तंबाखूची वखार चालवत होता. त्याच्याशी वाद कोण घालणार?

आप्पा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. तरुणपणी तंबाखूला गिऱ्हाईक शोधायला ते लंकेला गेले आणि अडीच महिन्यांनी परत आले, असं सारी निपाणी सांगायची. माझ्या मते ते परत आलेच नाहीत. पुढची वीस वर्षं ते लंकेतच राहत होते, निपाणीत फक्त जेवायला येत. सदलग्याच्या तंबाखूचं पान चिमटीत चुरून हुंगलं की ते कुठल्या विहिरीच्या पाण्यावर वाढलं हे ते डोळे मिटून सांगत, आणि डोळे उघडायच्या आत लंकेत पोचत. “ह्ये काय पान? लंकेत पाऊस आला तर माणसं तंबाखूचं पान डोक्यावर धरत्यात.” तिथे नारळ उतरवायला माकडं असतात, ती एकादशीला सुट्टी घेतात, आणि त्या दिवशी कुणी झाडाकडे नुसतं बघितलं तरी आठवडाभर रुसतात. तिथला पाऊस उभा पडतो, म्हणून भिंती भिजत नाहीत. आणि तिथला समुद्र गोड आहे, अगदी आमच्या दूधगंगा नदीसारखा. ‘लंकेचे आप्पा, निपाणी’ एवढाच पत्ता घातलेली पत्रं त्यांना बरोबर मिळत. बापाने ठेवलेलं नाव त्यांच्या मुलांनाही आठवून सांगावं लागे.

एका दुपारी वखारीच्या ओट्यावर मास्तर सहज म्हणाले, “आप्पा, एकदा आम्हालाही दाखवा की.” वीस माणसं बसलेली. आप्पांनी “चला की” म्हटलं ते कुणी येणार नाही या भरवशावर. पण आठ दिवसांत चार जण तयार झाले. मग आप्पांचा गुडघा दुखू लागला, अमावास्या आडवी आली, पान वाळायचं राहिलं. शेवटी बोरगावहून त्यांची चुलतबहीण काशीआक्का हातात पितळेचा तांब्या घेऊन आली आणि गुडघा बरा झाला. काशीआक्का ही आप्पांच्या एकाही गोष्टीवर आजवर विश्वास न ठेवलेली एकमेव बाई.

“समुद्र गोड हाय म्हणतोस न्हवं?” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “मग मीबी येतो, तांब्या भरून आणतो. ह्याच ओट्यावर घोट घोट वाटतो. बघू दे लोकांस्नी लंकेचा आप्पा.”

आप्पांनी त्या तांब्याकडे असं पाहिलं की जणू त्यात नाग होता.

प्रवासात ते आमचे सेनापती. हुबळी आली तेव्हा मात्र भर दुपारी शाल तोंडावर ओढून ते निजले, आणि स्टेशन मागे पडेपर्यंत घोरले. मद्रासेत हमालांशी कन्नडमध्ये बोलले. कन्नड सावकाश आणि मोठ्याने बोललं की त्याचं तमिळ होतं असं त्यांचं मत होतं. हमालांनी आमचं सामान दोनदा भलत्याच गाडीत चढवलं. “लंकेतबी ह्येच चालतंय,” आप्पा म्हणाले. पांबनच्या पुलावर गाडी समुद्रावरून चालली तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटून रामनाम घेतलं.

बोटीत चढण्याआधी कागद भरायचे होते. मी कोर्टात नकला करणारा कारकून, म्हणून सगळ्यांचे कागद माझ्याकडे. नाव, गाव, वय झालं. पुढचा प्रश्न होता, यापूर्वी या बेटावर आला होता का? मी न विचारताच ‘होय’ लिहायला लागलो. आप्पांनी माझं मनगट धरलं.

“न्हाय लिवा, पाव्हणं,” ते हळूच म्हणाले. “सरकारी कागूद हाय. हुबळीतच ताप भरला. दोन म्हैनं धर्मशाळंत पडून हुतो. शेजारच्या खाटंवर लंकेतनं आलेला एक म्हातारा हुता, त्यो सांगायचा. घरी येऊन काय सांगू, हुबळी बघून आलो म्हणून?”

मी ‘नाही’ लिहिलं. वर मान केली तर आप्पांच्या मागे काशीआक्का उभी होती, तांब्या छातीशी धरून. तिला वाचता येत नव्हतं, पण कान शाबूत होते.

बोट सुटली आणि पहिल्याच लाटेला काशीआक्का आडवी झाली. आता आपण काही बोरगाव बघत नाही, अशी तिची खात्री पटली. आप्पा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, स्वतः समुद्राकडे पाठ करून.

“आप्पा,” ती म्हणाली, “त्ये माकडांचं सांग.”

“खोटं हाय गं त्ये.”

“मला ठावं हाय. सांग.”

आणि आप्पांनी सांगितलं. एकादशीचं सांगितलं, रुसव्याचं सांगितलं, शिवाय माकडांच्या लग्नाचं एक नवंच प्रकरण त्यांनी त्या बोटीवर रचलं. किनारा येईपर्यंत काशीआक्का डोळे मिटून “मग?” म्हणत राहिली.

लंकेत डोक्यावर तंबाखूचं पान धरलेलं कुणी दिसलं नाही, पाऊस आडवा पडला, आणि माकडांनी कुणाचं काम केलं नाही. पाटलांच्या बायकोचं केळं तेवढं पळवलं. शेवटच्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर गेलो. आप्पा धोतर खोचून गुडघाभर पाण्यात गेले आणि तसेच उभे राहिले. समुद्राकडे तोंड करून त्यांनी पाहिलं ते तेव्हाच पहिल्यांदा.

“येवढा मोठा असंल असं वाटलं न्हवतं,” ते म्हणाले. वीस वर्षं त्यांनी समुद्र लहान करून सांगितला होता.

काशीआक्काने तांब्या भरला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. आप्पांनी वळून पाहिलं. तिने तांब्या पाण्यात उपडा केला, पदराने पुसला आणि त्याच्या तोंडाला फडकं बांधलं.

निपाणीत पोचलो त्या दुपारी वखारीचा ओटा भरला होता. आप्पा कोपऱ्यात बसून एकच पान चुरत होते. हुंगायचंही विसरले होते. कुणीतरी तांब्याचं फडकं सोडलं, आत पाहिलं आणि विचारलं, “काशीआक्का, पाणी कुठाय? समुद्र गोड हाय का न्हाय मग?”

काशीआक्काने तांब्या काढून घेतला.

“गोड हुतं,” ती म्हणाली. “वाटंत पिऊन संपलं.”