काठाच्या पाच ओळी

"थांबा, हाताले इचारू द्या."

कोणतीही वस्तू समोर आली की काका आधी हे म्हणत. मग ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून क्षणभर डोळे मिटत. कापसाची पारख करणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. थोडा कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत धरतात, हलकेच ओढतात आणि धागा किती लांब निघतो ते बघतात. काकांनी तरुणपणी खामगावच्या एका जिनिंगमध्ये हेच काम केलं होतं. पुढे ती सवय साऱ्या जगाला लागू झाली. आमच्या दुकानाचा पडदा, माझ्या नव्या वहीचा कागद, आईने दिलेली पोळी, काहीच सुटायचं नाही. एकदा माझ्या इंग्रजी शाळेच्या टायला हात लावून म्हणाले, "नायलॉन आहे. उन्हाळ्यात गळा जळत असंन पोरीचा."

खरंच जळायचा. घरात ते कोणाला सांगावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

ते नात्याने आमचे कोणी नव्हते. बाबांचं खामगावात बियाण्यांचं दुकान होतं. काकांचंही तसंच, पण लहान, वरवट बकाल या गावात. बाजाराच्या दिवशी ते माल न्यायला येत. मी मागे गोण्यांवर बसून अभ्यास करायची आणि सहसा बोलायची नाही. बोललेच तर पुस्तकातलं मराठी. ते हसून बाबांना म्हणत, "भाऊ, पोरगी घरात बी बातम्याच सांगते काय?"

बीटी कपाशीच्या त्या वर्षांत कंपन्या दुकानदारांना सहलीला नेत असत. ठरलेल्या पिशव्या विकल्या की सहल. आधी गोवा होतं, मग एका वर्षी एकदम स्वित्झर्लंड निघालं. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिची जागा मला मिळाली. "हिचं इंग्रजी तरी कामी येईल," असं बाबा म्हणाले. यादीत काकांचं नाव पाहून सगळ्यांना नवल वाटलं. एवढ्याशा गावात एवढा माल कसा खपला?

मला नवल वाटलं नाही. त्यांना विकताना मी पाहिलं होतं. गिऱ्हाईक दोन पिशव्या हातात घेऊन घोटाळलं की काका एक पुढे सरकवत आणि म्हणत, "ही ने. माह्या भरोशावर ने." पिशवी सीलबंद असायची, तिथे हाताला विचारायची सोय नव्हती. लोक पिशवीवरचं वाचत नसत. काकांच्या तोंडाकडे बघत.

आम्हा सगळ्यांना एकसारखी निळी जाकिटं मिळाली होती, पाठीवर कंपनीचं नाव. पुढे केशरी छत्री उंच धरून पुण्याच्या गाईडबाई चालत. "मंडळी, कुणी मागे राहिलंय का?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मंडळी सारीच मांगं आहे, माय," काका धापा टाकत म्हणाले. "तुमीच तेवढ्या पुढं आहा."

डोंगरातल्या एका निळ्या तळ्याकाठी सगळे फोटो काढण्यात गुंतले. काका गुडघ्यावर बसले, हाताला विचारलं आणि ओंजळभर पाणी पिऊन टाकलं. मग माझ्याकडे वळून बघितलं. डोळे भरले होते.

"गोड आहे, पोरी."

आमच्या जिल्ह्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. वरवटकडच्या विहिरींचं पाणी खारं. तिथे चहासुद्धा किंचित खारट लागतो. काकांनी खिशातली बाटली रिकामी करून तळ्याचं पाणी भरलं. काकू म्हशींमुळे आल्या नव्हत्या. "तिनं जलमभर खारं पेलं. एक घोट हे पिऊ दे." ती बाटली माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून, माझ्या बॅगेतून आली. माझी बॅग कोणी उघडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

चौथ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बसलो असताना त्यांचा फोन वाजला. गावाकडून होता. काका नेहमीसारखे मोठ्याने बोलायला लागले, "हाव, बोल ना बे, मी अठी बर्फात हाओ!" मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाले, "बोंडं फोडून पाह्यली त्यायनं. वरून हिरवीगार, मधात गुलाबी अळी."

बीटीला बोंडअळी लागत नाही, याच बोलीवर तर सगळं विकलं गेलं होतं. हळूहळू टेबलावरचे इतरांचेही फोन वाजू लागले. "फवारा मारा म्हणा," एक जण म्हणाला. बाबा म्हणाले, "घरी गेल्यावर पाहू." पाव आणि चीज पुन्हा फिरू लागलं. काकांनी पावाला हात लावला नाही.

त्याच दुपारी आम्ही हिमनदीवर गेलो. वर चढताना काही जणांना दम लागला, म्हणून गाईडबाई त्यांच्यासोबत खाली थांबल्या. पुढे तिथला एक म्हातारा वाटाड्या होता. त्याचं इंग्रजी मी मराठीत सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर मी बोलत होते. बर्फाच्या काठावर लांबच लांब पांढरी कापडं अंथरली होती, मळलेली, ठिकठिकाणी शिवलेली. बर्फ दरवर्षी मागे सरकतंय, ते उन्हाने वितळू नये म्हणून ही पांघरुणं, असं वाटाड्याने सांगितलं.

काकांनी कापडाचं टोक चिमटीत धरलं. थोड्या वेळाने मला म्हणाले, "काठच काऊन झाकते, इचार बरं."

मी विचारलं. म्हातारा म्हणाला, सगळा डोंगर काही झाकता येत नाही. जेवढा काठ सांभाळता येतो, तेवढा सांभाळायचा.

बाकीचे बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारत होते. काका एका दगडावर बसले.

"आमाले बी काठच सांभाळाले सांगतला होता," ते म्हणाले. "ते लहान पाकीट असते ना, पिशवीसंगं?"

मला माहीत होतं. बीटीच्या प्रत्येक पिशवीसोबत साध्या कपाशीचं एक छोटं पाकीट यायचं. शेताच्या काठाने चारी बाजूंना पाच ओळी त्याच्या पेरायच्या. त्या ओळी अळीने खाल्ल्या तरी चालतील. तिथे साधी अळी जगते, बीटीनेही न मरणाऱ्या चिवट अळीत मिसळते, आणि चिवट जात एकटी वाढत नाही. पण शेतकऱ्याला वाटायचं, अळीसाठी कशाला पेरायचं? आणि दुकानदार म्हणायचे, फेका ते, काठाला तूर टाका. पाकिटं काउंटरवरच राहायची. आमच्या दुकानात त्यांची गोणीच भरली होती. मी ज्या गोण्यांवर बसून अभ्यास करायची, त्यातली एक तीच. पाकिटावरची सूचना मराठीत होती. मी ती कितीदा वाचली होती. मीही कधी कोणाला काही विचारलं नाही.

"मी सांगो लोकायले, फेका म्हणून," काका म्हणाले. "माह्या भरोशावर फेकलं त्यायनं."

उतरताना बसमध्ये ते माझ्या शेजारी येऊन बसले. "पोरी, तुहं अक्षर चांगलं आहे. मले एक पाटी लेहून देशीन? दुकानावर लावाची आहे. माह्यं चुकलं, असं."

मी म्हणाले, "बाबांना विचारून सांगते."

मी विचारलं नाही. त्यांनीही पुन्हा विषय काढला नाही.

परतल्यावर सगळ्या दुकानदारांनी बर्फातल्या फोटोचे फलक लावले. काकांनी त्या जागी एक पत्रा लावला आणि गेरूने स्वतःच लिहिलं: "लहान पाकिट फेका असे मी सांगत होतो. ते चुक होते. चुक माझी." अक्षरं शेवटाकडे खाली घसरली होती. मी लिहिली असती तर सरळ आली असती.

पुढच्या बाजारी काका आमच्याकडे आले तेव्हा तीन-चार दुकानदार आधीच बसलेले होते.

"तुले कोणी इचारलं होतं काय?" बाबांनी सुरुवात केली.

"नाई."

"मंग काऊन सांगत सुटला? अळी काय त्या पाकिटानंच आली? आता लोकं आमाले येऊन इचारतेत, तुमी बी फेकाले सांगतलं होतं ना म्हणून!"

"सांगतलं होतं ना, भाऊ?"

काकांची नजर मागे गोण्यांपर्यंत आली. मी पुस्तकात डोळे घातले. त्यांनी माझ्याकडून काही अपेक्षा केली असेल असं मला वाटत नाही, आणि तेच मला अजून जास्त लागतं.

ती पाकिटं पेरली असती तर अळी आलीच नसती, असं मी म्हणणार नाही. जाणकार आणखी बरीच कारणं सांगतात. काकाही तसं म्हणत नव्हते. आपण नको ते सांगितलं आणि लोकांनी ऐकलं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पाटी वाचून काहींनी दारात येऊन शिव्या दिल्या. एक म्हातारा नुसता ओट्यावर बसून राहिला आणि निघून गेला. कंपनीने माल देणं बंद केलं. गिऱ्हाइकं तुटली. ज्याने चूक कबूल केली त्याच्याकडे जायचं कसं, असं लोकांना वाटलं असावं. वरवटचे लोक बियाण्यांसाठी खामगावला येऊ लागले. आमच्या दुकानातही आले.

पुढच्या पेरणीच्या आधी काका एकदाच आले, गिऱ्हाईक म्हणून. दुकान त्यांनी बंद केलं होतं. आता फक्त घरची शेती होती. म्हणाले, "भाऊ, ते गोणीतले लहान पाकिटं देता काय?"

बाबा उठले. गोणी स्वतः उचलून त्यांच्या गाडीपर्यंत नेऊन ठेवली.

त्यानंतर दोन वर्षांनी काका छातीत कळ येऊन गेले. मी नागपूरला शिकत होते. कळलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्या हिवाळ्यात मी एकटीच वरवटला गेले. काकू मला शेतात घेऊन गेल्या. मी पाण्याच्या बाटलीचं विचारलं. "पेली ना," त्या म्हणाल्या. "गोड होतं. पण बाई, तहान आपल्याच पाण्यानं जाते."

मधली कपाशी बरी दिसत होती. काठाच्या पाच ओळी मात्र विरळ होत्या, मधेमधे बी न उगवल्याने नांग्या पडलेल्या. बोंडांना बारीक भोकं होती. या ओळींवर काकू फवारा मारत नव्हत्या.

"हे अळीचं आहे, याले हात लावाचा नाई, असं सांगून गेले," त्या म्हणाल्या. "म्हणून दरसाल पेरतो."

त्या पुढे निघाल्यावर मी एका अर्धवट उमललेल्या बोंडातून कापूस काढला. डागाळलेला होता. दोन्ही हातांच्या चिमटीत धरला, डोळे मिटले आणि हलकेच ओढला.

माझ्या हाताला काही सांगता आलं नाही.