अंगावरचा टाका

दुपारचं जेवण अंगावर आलंय. शालन शिलाई मशीनच्या पाटावर हात ठेवते, हातावर डोकं ठेवते आणि स्वतःला बजावते, झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे. असं बजावणारी माणसं किती वेळ जागी राहतात ते आपल्याला ठाऊक आहेच. वर पंखा करकरतोय. पापण्या जड होतात, तरी बोटांतला दोरा सुटत नाही.

पाटावरच्या सुपात फुलं पडली आहेत, कापडाची. शेंदरी शालूच्या कातरणाची वेणी नवरीसाठी, आणि एक सुटं फूल नवरदेवाच्या कोटासाठी. शालू शालनच्या थोरल्या बहिणीचा, छबूआक्काचा. आक्का गेल्या वर्षी गेली. आज संध्याकाळी तिचा नवरा, सर्जेराव दाजी, दुसऱ्यांदा बोहल्यावर चढतोय.

चढेना का! पण या गृहस्थानं आक्काचा लग्नातला शालू कापून नव्या बायकोला घागरा शिवायला टाकला, आणि उरलेलं कातरण पिशवीत कोंबून शालनच्याच दारात आणून दिलं. "वाया कशाला घालवायचं? तुझ्या हातात कला हाय. फुलं कर," म्हणाला. वर चहा पिऊन गेला. शालननं पिशवी ठेवून घेतली ती काही मायेनं नाही. वेणीच्या मधल्या फुलात, मोत्याच्या खाली, तिनं एक सुई दडवून ठेवली आहे. नवरीनं वेणी माळली की टाळूला बसेल. बसू दे.

"ह्या पाकळीच्या दशा निघाल्यात बघ," आक्का म्हणते. "गोल कापल्यावर कड दुमडायची न्हाई व्हय? किती येळा शिकवलं तुला."

आक्का समोरच्या स्टुलावर बसली आहे, जिथं गिऱ्हाईक बसतं तिथं. शालनला याचं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते शालूचं. आक्का तोच शालू नेसली आहे आणि त्याला घागऱ्याच्या कळ्यांच्या, त्या तिरक्या पट्ट्यांच्या, आकाराची भगदाडं आहेत. भगदाडांतून पलीकडची भिंत दिसते.

"शीव की," आक्का म्हणते. "अशी लोकांत कशी जाऊ?"

शालन सुई उचलते आणि थबकते. अंगावरचं कापड शिवायचं नाही, असं त्यांच्या घरात सगळे मानतात. अंगावर टाका पडतो तो मेलेल्याच्या. शिवावंच लागलं तर नेसणाऱ्यानं दातांत एक काडी धरायची, म्हणजे आपण जिवंत आहोत हे त्या टाक्याला कळतं. शालन केरसुणीची काडी मोडते आणि आक्काच्या तोंडापुढे धरते.

आक्का खो खो हसते. तिचे दात मिश्रीनं काळे आहेत, होते तसेच.

"मला कशाला गं आता काडी? जित्यांनी धरायची ती."

तरी काडी घेते. दाढेखाली चघळत बसते. शालन टाके घालते, एकेक भगदाड मिटवत जाते, पण शालू संपत नाही. त्याचा पदर दारातून बाहेर गेला आहे. पदर धरून शालन उंबरा ओलांडते तर तो आक्काच्या घरचा सोपा असतो.

सोप्यात भिंतीला कॅलेंडर आहे. दाजी पाठमोरा उभा राहून त्यावर बोट फिरवतोय. आक्का दारात बसली आहे, पायांत चपला घालून, हात छातीवर. अंगणात दवाखान्यात न्यायला जीप सुरू आहे.

"दाजी, निघा की!" शालन ओरडते. तोंडातून आवाज फुटत नाही.

"राहूकाळ हाय," दाजी कॅलेंडरला सांगतो. "तेवढा संपू दे. थांब जरा, छबू."

आक्का थांबते. ती त्या दिवशीही अशीच थांबली होती, चपला घालून, शहाण्या पोरीसारखी. राहूकाळ संपला तेव्हा जीपमध्ये ठेवायला मढंच उरलं होतं. शालनच्या पोटात त्या दिवशी जो जाळ पेटला तो अजून विझलेला नाही, आणि तिला तो विझवायचाही नाही.

"आक्का, मी सुई घातलीय. नवरीच्या वेणीत."

"बघितली." आक्का उठते, सुपातून वेणी उचलते. "काढ ती. तिनं काय केलंय तुझं? मी मेल्यावर आली ती. उद्या तिच्या छातीत कळ आली तर तिलाबी ह्याच दारात चपला घालून बसवंल ह्यो."

"मग सोडून देऊ? तुझा शालू कापला त्यानं!"

"सोडून दे म्हणाले व्हय मी?"

आक्काचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. आयुष्यभर ही बाई नवऱ्याच्या मागं दोन पावलं चालली, त्याच्या पुढे शिंकायलाही भ्यायची. आता डोळ्याला डोळा भिडवते.

"त्याला मारायचं न्हाई," ती म्हणते. "भ्यायला लावायचं. मी दारात बसून जेवढं भ्याले तेवढं."

सोप्याचा मांडव झाला आहे. सनई वाजते. पंगतीतल्या सगळ्या पाहुण्यांच्या तोंडात एकेक काडी आहे. भटजींच्या तोंडात आहे, नवरीच्या आहे, कडेवरच्या तान्ह्याच्यासुद्धा. एकट्या दाजीच्या तोंडात नाही. कोट घालून तो पाहुण्यापाहुण्यापुढे हात पसरतोय, "काडी द्या, कुणीतरी काडी द्या," आणि जो तो मान फिरवतोय.

आक्का आपल्या दाढेखालची काडी काढते, शालनच्या मुठीत ठेवते आणि मूठ मिटते. हात गार आहे.

"मागंल तो," ती म्हणते. "पिन लावू नको. टाका घाल."

"शालन! ए शालन!"

पंखा बंद आहे, वीज गेली आहे. गाल मशीनला चिकटलाय. दारात दाजी उभा, नवा कोट, कपाळाला गंध, अत्तराचा घमघमाट. बाहेर गाडीचा हॉर्न वाजतोय.

"झोपलीस व्हय? मुहूर्त जवळ आला. आण ती वेणी, आणि माझ्या कोटाला फूल लाव."

शालन उठते. वेणीतल्या मधल्या फुलाचा मोती सारून आतली सुई ओढून काढते, दोरा ओवते आणि वेणी त्याच्या हातात देते.

"पिना संपल्यात, दाजी. दोन टाके घालते. कोट काढू नका, उशीर व्हईल."

"अंगावर?" दाजीचा घास अडकल्यासारखा चेहरा होतो. हा माणूस मांजर आडवं गेलं तर घरी परत येणारा. "मग आधी काडी दे. काडीशिवाय न्हाई."

शालन डावी मूठ किंचित उघडते. मुठीत केरसुणीची काडी आहे. एक टोक चघळून मऊ झालंय, ओलं आहे आणि मिश्रीनं काळं पडलंय. या घरात मिश्री कुणी लावत नाही.

ती मूठ मिटते. उजव्या हातानं फूल कोटावर धरते, छातीच्या डाव्या बाजूला, आणि सुई आरपार काढते.

"अगं, काडी! शालन, काडी दे आधी!"

मागं सरकायला जावं तर दोरा ताणला जातो. दाजी जागीच उभा राहतो, छातीवर हात, कपाळावरचं गंध घामानं ओघळलेलं. शालन दुसरा टाका घालते, मग तिसरा, आक्कानं शिकवले तसे, जवळ जवळ.

"थांबा जरा, दाजी," ती म्हणते. "राहूकाळ संपू दे."

आणि वाकून दोरा दातानं तोडते.