कादंबरीतली कजाग बाई

रविवारची एकच सुट्टी, तीही पायपिटीत घालवायची हे माझ्या जिवावर आलं होतं. आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून पाठीचा पार भुगा झालाय. पण पिंपरीतल्या ज्या कामगार चाळीत एक नामवंत कादंबरीकार वाढले, तिथे लोकांना फिरवून आणतात हे आईनं ऐकलं आणि हट्टच धरला. आम्हीही त्याच चाळीत राहायचो. मला धास्ती वेगळीच होती. त्यांच्या कादंबरीत खेळणाऱ्या पोरांवर उकळतं पाणी फेकणारी एक कजाग बाई आहे. ती म्हणजे आमची आई. तिला वाचता येत नाही, आणि पुस्तकातलं हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

जाणार असाल तर चिखलीहून आम्ही गेलो तसं बसनंच जा. तिथे गाडी लावायला जागा नाही. फेरी सकाळी आठला, दोन तासांची, फुकट. कोपऱ्यावरचा वडापाव बरा, चहा नुसता गोड. आईचे गुडघे धरलेले, म्हणून आम्ही सगळ्यांच्या मागे.

तिसऱ्या गल्लीत फेरी नेणाऱ्या मुलीनं पुस्तक उघडून नेमकं तेच पान वाचलं. लोक हसले.

आई शांतपणे म्हणाली, "ती बाई मीच. पण पाणी उकळतं नव्हतं पोरी, नळाचं होतं."

"पण आजी, फेकायचं कशाला?"

"ह्यांची कंपनीत नाईट असायची. एकदा दिवसा पोरांनी झोपू दिलं न्हाई, आन् रातच्याला प्रेसच्या मशीनवर डुलकी लागून दोन बोटं गेली. तवापासनं पाणी."

चाळीत तो नियमच होता. ज्या घरी नाईट, तिथला कुकरसुद्धा शेजारणीकडे लागायचा, शिट्टी नको म्हणून. बाबांची तुटलेली बोटं मी लहानपणापासून पाहिली, पण पाण्याचा त्यांच्याशी असलेला संबंध मला आज कळला. मुलगी "सॉरी आजी" म्हणाली आणि घोळका पुढे सरकला.

घरी आल्यावर आईचे पाय चेपत मी म्हणालो, "तुला वाईट वाटेल म्हणून पुस्तकातलं सांगितलं नाही गं."

"मीबी तुला एक सांगितलं न्हाई. बोटं गेली त्या दिवशी दारात चेंडू आपटणारा तूच होतास."

माझे हात थांबले. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. "बाबांना माहीत होतं?"

"तर काय. हॉस्पिटलात पट्टी बांधत असतानाच मला म्हणाले, पोराला कळू देऊ नकोस."