जेवणाच्या सुट्टीतली हिंदी

लग्न होऊन मी भंडाऱ्याकडून भिलाईला आले तेव्हा कारखाना उभा होत होता आणि मला मराठीशिवाय काही येत नव्हतं. नवरा म्हणे, "तुले हिंदी येत नाई, एकटी बाजारात जाऊ नको." भाजी तोच आणायचा आणि वाईट आणायचा. म्हणून मला हिंदी शिकायची होती. दुसरं काही कारण नाही.

आमच्या घरासमोर नव्या क्वार्टरांचं बांधकाम चालू होतं. तिथे घमेली वाहणारी एक रेजा, म्हणजे मजूर बाई, दुपारच्या सुट्टीत आमच्या सावलीत बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यातला भात, खायला बसे. ती रोज एकच विचारी, "का साग रांधे हस, बहिनी?" भाजी काय केली? इकडे बायका भेटल्या की हेच विचारतात. मी नुसती भाजीची वाटी पुढे केली तर ती तोंड फिरवी. नीट बोलून सांगितलं तरच घेई आणि पुढचं विचारी. माहेर, सासू, पोरंबाळं, सगळं त्या भाजीवरून निघालं. मी चुकले की ती हसे. ती मराठी बोलायला गेली की मी हसे.

मग नळ बंद पडला. नवरा म्हणाला, "मोठी हिंदी शिकून राहिली ना? जा, ऑफिसात सांगून ये. नळ सुरू झाला तं बाजार तुझा."

ऑफिसातला बाबू मद्रासकडचा. मी एका दमात म्हटलं, "नल मा पानी नइ आवत हे."

तो गोंधळला. "धीरे बोलो, अम्मा. मेरा हिंदी भी नया है."

माझ्यापेक्षा कमी हिंदी येणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. मी हातवारे करून, सावकाश, परत सांगितलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री येऊन नळ सुरू करून गेला.

नवऱ्याने विचारलं, काय बोलली? मी बोलून दाखवलं. तो हसत हसत खाटेवर लोळला. "अवो, हे हिंदी नोहे! छत्तीसगढी हाय!"

दुपारी मी रेजाला जाब विचारला, हिंदी का नाही शिकवलीस?

"मैं कब सिखोएंव? मैं तो गोठियात रेहेंव." तिने शिकवलं कुठे, ती आपली गप्पा मारत होती.

नळ सुरू झाला होता, म्हणून पिशवी घेऊन बाजारात गेले. भाजी विकणाऱ्या बायका सगळ्या तिच्यासारख्याच बोलत होत्या. मीही तशीच बोलले, तर एकीने मला टोपलीतली खालची, ताजी वांगी काढून दिली. हिंदीत मागणाऱ्या नवऱ्याला वरचीच का मिळत होती, ते तेव्हा कळलं.