अर्धा पगार

शिक्क्याच्या शाईचा वास आला की घाटकोपरचं ते गृहकर्जाचं ऑफिस आठवतं. नवीन लग्न झालेलं. मुलुंडला घरं बघण्याआधी कर्ज किती मिळेल ते तत्त्वतः मंजूर करून घ्यावं, म्हणजे ऐपतीबाहेरच्या घरात जीव अडकणार नाही, असं आम्ही ठरवलं होतं. माझा पगार नवऱ्यापेक्षा जास्त, पण साहेब बोलत होते फक्त त्याच्याशी. "मिसेसचा पगार धरत नाही आम्ही. उद्या पाळणा हलला की नोकरी सोडतात." माझे कान तापले. तेवढ्यात नवरा हसत म्हणाला, "छे हो साहेब, तीन वर्षं तरी आमचा तसा विचार नाही!" शेजारच्या टेबलावरचा कारकूनही हसला. "मग अर्धा धरू," म्हणत साहेबांनी शिक्का मारला. जिन्यात नवरा खुशीत होता. "झकास ना? आता दोन खोल्यांचं बघू." मी म्हटलं, "आपल्या दोघांतलं बोलणं त्याला कशाला सांगितलंस?" "अगं, नाहीतर तुझा पगार धरला असता का त्याने?" ते खरं होतं, म्हणूनच संताप अनावर झाला. त्या दोन खोल्यांत आम्ही आजही राहतो. साहेबांवरचा राग केव्हाच निवला. नवऱ्यावरचा अजून नाही.