घोड्यावर बसवलेले मेजर

लोक कसे मेले याची चौकशी करण्यातच क्लेमकाकांची विमा कचेरीतली उभी हयात गेली. माणूस गेला, एवढ्यावर त्यांचं कधी भागलं नाही. कुठे, कसा, शेवटी जवळ कोण होतं, हे कळल्याशिवाय ते सहीला पेन उचलत नसत. निवृत्तीनंतर मरणाऱ्यांचा तुटवडा नव्हता, पण विचारायचा अधिकार गेला होता. "दूध उतू गेलं तेव्हा तू नेमकी कुठे होतीस?" असं ते घरात विचारू लागले, तेव्हा बायकोने हात टेकले. "अहो, बाहेर काहीतरी काम बघा."

काम चालून आलं. लढाईत पडलेल्या मेजरांचा पुतळा चौकात बसणार होता. समितीचे अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी, त्यामुळे चौथरा मेजरांपेक्षा उंच झाला होता. मेजर घोड्यावर होते, कारण मूर्तिकाराकडे कुठल्याशा राजाचा घोडा तसाच पडून होता. आता वाटायला चरित्र हवं होतं.

"चार पानं खरडा, काका. शौर्य सढळ हाताने टाका," अध्यक्ष म्हणाले.

खरडणं काकांच्या रक्तात नव्हतं. विचारत विचारत त्यांनी मेजरांच्या तुकडीतला वायरलेसवाला शोधून काढला. तो आता पंखे दुरुस्त करत असे.

"माघारीचा हुकूम होता," पंख्याची पाती पुसत तो म्हणाला. "नदी ओलांडायची आणि पूल उडवायचा. आम्ही काही जखमी पलीकडेच राहिलो. साहेब उलटे आले, मला खांद्यावर टाकून आणलं, मग अजून एकाला. पुन्हा गेले, ते गेलेच."

"आणि घोडा?"

"कसला घोडा! गुडघाभर चिखल. साहेबांच्या एका पायात बूटसुद्धा नव्हता."

काकांनी ते जसंच्या तसं लिहून नेलं. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला.

"माघार? आपले मेजर? छे! चढाई करा."

"पण पूल मागे होता."

"मग पुढे घ्या! सिमेंट काय तुमचं लागतंय?"

"मेलेला माणूस मी आजवर जागचा हलवला नाही," काका म्हणाले. "माझं नाव तेवढं काढून टाका."

ते आनंदाने काढलं गेलं. अध्यक्षांचा भाचा जाहिराती लिहायचा; त्याने मेजरांना तलवारीसकट नदीपार नेलं. समारंभात टाळ्याही दणक्यात पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या मेजरांच्या धाकट्या बहिणीने मात्र पुस्तिका चाळली आणि मिटून मांडीवर ठेवली. ते काकांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पंखेवाल्याला घेऊन ते तिच्या घरी गेले. वीरमरण आलं, यापलीकडे तिला इतकी वर्षं कुणी काही सांगितलंच नव्हतं. पंखेवाला सांगत गेला, ती खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत राहिली. मध्येच तिने विचारलं, "घाबरला होता का हो तो?"

पंखेवाल्याने काकांकडे पाहिलं.

"थरथरत होते, ताई. खांद्यावर होतो ना, कळत होतं. वर मलाच दटावत होते, 'हलू नकोस रे, माझा तोल जाईल!'"

ती एकदम हसली, मग डोळे पुसू लागली. "असाच होता दादा. भ्यायचा स्वतः आणि ओरडायचा माझ्यावर."

चहा टाकायला ती आत गेली. आतूनच हाक आली, "मी येईपर्यंत पुढचं सांगू नका हं!"